बसल्या जागी दहा

तालमीच्या पुढच्या खोलीत सरोजिनीबाईंची बालवाडी भरायची आणि मागं लाल मातीच्या हौद्यात पिराजी वस्तादांचे पैलवान मेहनत करायचे. मधल्या चौकटीला दार नव्हतं. त्यामुळं एकाहत्तर साली बालवाडी सुरू झाली, तेव्हा मुलं फळ्याकडं न बघता पैलवानांच्या बैठका बघत बसली. बाईंनी ओरडाआरडा केला नाही. त्यांनी खडू ठेवून दिला आणि मुलांना उभं केलं. एक बैठक म्हणजे एक, सात म्हणजे सात. पंधरा दिवसांत बावीस पोरांना दहापर्यंत आकडे आले, भूक वाढली ती वेगळीच.

अडचण एवढीच, की आकडा पायांतून वर आल्याशिवाय तोंडात येत नसे. पाच वर्षांच्या चिमणाला आईनं आठ लिंबं आणायला धाडलं, तर ती दुकानापुढं आठ बैठका मारी आणि दुकानदार एकेका बैठकीला एकेक लिंबू पिशवीत टाकी. गल्लीत कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मग एका शनिवारी अंबादास साहेब तपासणीला आले. स्वभावानं भला माणूस, पण छापील कागदाबाहेर पाऊल न टाकणारा. कागदावर होतं, मुलांनी बसल्या जागी दहापर्यंत अंक म्हणावेत. न म्हटल्यास मान्यता रद्द, सोमवारपासून बालवाडी बंद.

बावीस मुलं मांडी घालून बसली. साहेबांनी अंक म्हणायला सांगितले. मुलं त्यांच्याकडं प्रेमानं बघत राहिली. चिमणाच्या मांड्या नुसत्या थरथरल्या.

बाईंनी समजावलं, उभं राहू द्या, शंभरपर्यंत म्हणतील. साहेबांनी कागद दाखवला. तेवढ्यात वस्ताद चौकटीत येऊन उभे राहिले.

"सायेब, आकडं पायातनं वर येत्यात," ते म्हणाले. "तुम्ही पायच दाबून बसवल्यासा. येणार कुठनं?"

त्यांनी स्वतःच बैठका सुरू केल्या आणि काय आश्चर्य, मुलं बसल्या जागी मोजू लागली. दुसऱ्याची बैठकही त्यांना चालत होती. पण साहेबांनी 'तीन'वरच हात वर केला. बाहेरच्या माणसाची मदत नियमात बसत नव्हती. बाईंनी पदर खोचला, तर शिक्षिकेची मदतही बसत नव्हती. पालकांची नाही, शिपायाची नाही. साहेबांनी यादी दोनदा वाचली. तपासणी करणाऱ्याबद्दल मात्र कागद गप्प होता.

साहेबांनी चष्मा बाईंच्या हातात दिला, विजारीचे पाय वर दुमडले आणि खाली बसून उठले.

"एक," बावीस तोंडं म्हणाली.

बाईंचा जीव टांगणीला लागला. पाचपर्यंत साहेब बरे होते. सहाला त्यांचा गुडघा वाजला. आठला ते भिंत धरून थांबले.

चिमणा शांतपणे म्हणाली, "सायेब, पुन्हा एक. मधी थांबलं की पहिल्यापासनं असतंय."

साहेबांनी वस्तादांकडं पाहिलं. वस्तादांनी मान डोलावली. तालमीचा रिवाजच तसा होता, त्यांना तरी काय करता येणार. नियम म्हटल्यावर साहेबही वाद घालीनात. दुसऱ्या खेपेला ते नऊवर थांबले. तिसऱ्या खेपेला पैलवान काम सोडून बघायला आले, आणि कुणी हसलं नाही. दहावी बैठक पुरी झाली तेव्हा मुलांचा 'दहा' पार रस्त्यावर ऐकू गेला.

साहेब जमिनीवरच बसले. वस्तादांनी त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळायला घेतलं. साहेबांनी तिथंच कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं, मुले बसल्या जागी दहापर्यंत अंक अचूक म्हणतात. पुढचा रकाना अक्षरओळखीचा होता.

"अक्षरं कशी शिकवता?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"मुलं नुसती उभी राहून म्हणतात," बाई म्हणाल्या. "'ळ'ला तेवढ्या दोन कोलांट्या लागतात."

साहेबांनी लगेच 'समाधानकारक' असा शेरा मारला. दोन पैलवानांनी त्यांना धरून रिक्षात बसवलं.

बाई खोलीत परतल्या. बालवाडी वाचली होती, डोळे भरून आले होते. त्यांनी मुलांना उठायला सांगितलं. कुणी हललं नाही. बावीस जणं मांडी घालून, हात बांधून त्यांच्याकडं बघत होती. दुसऱ्यानं घाम गाळला तरी आकडे येतात, हे एका सकाळीत त्यांना कळून चुकलं होतं.

"बाई," चिमणा म्हणाली, "आता तुम्ही."

बाईंनी थोडा विचार केला. मग खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी पदर खोचला.