ओळंबा हलतोय तोवर

मी ओळंबा बोलतोय. बोलतोय कसला, लोंबतोय! पितळेचा टोकदार गोळा आणि डोक्यात ओवलेली दोरी, एवढीच माझी मालमत्ता. भिंत सरळ की तिरकी, हे गवंडी मला विचारून ठरवतात. माणसं तोंडदेखलं बोलतात, मला ते जमत नाही.

लेथवर माझा जन्म झाला आणि मी एका गवंड्याच्या पदरात पडलो. गडी भारी बोलका. मला भिंतीशी सोडायचा आणि मजुरांना दटावायचा, "ओळंबा हलतोय तोवर तोंड उघडायचं नाही! थांबू दे त्याला, मग बोला." घरीही तेच. बायको कशावरून चिडली की म्हणायचा, "अगं, अजून हलतोय." ती हसायची आणि राग विसरायची.

त्याला एकच ध्यास होता. प्रार्थनाघराचा मनोरा आपल्या हातून उभा राहावा. जन्मभर त्याने लोकांचे संडास नि गोदामं बांधली होती. मनोऱ्याचं काम मिळालं तेव्हा घरी येऊन तो ढसाढसा रडला. "देवाने मला हाक मारली गं," म्हणाला.

मनोरा निम्म्यावर आला आणि परांचीची फळी सरकली, तो खाली कोसळला. मी त्याच्या खिशातच होतो. मला नुसता पोचा पडला. त्याचा कणा मोडला, कमरेखालचं अंग गेलं. मनोरा त्याच्या जोडीदाराने पुरा केला.

अंथरुणावरून खिडकीतून तो मनोरा दिसायचा. एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "ओळंबा टांग तिथे. बघू तरी, जोडीदाराने काय दिवे लावलेत." तिने चौकटीला खिळा ठोकून मला टांगलं. त्याने एक डोळा मिटला. मनोरा कणभर तरी कललेला असावा, आपल्यावाचून देवाचं काहीतरी अडलेलं असावं, एवढीच आशा त्या बिचाऱ्याला उरली होती.

मनोरा माझ्या दोरीला धरून उभा होता. केसाचीही चूक नव्हती.

"सरळ आहे," तो म्हणाला.

बायकोचा बांध फुटला. "देवाच्याच घराचं काम करत होतात ना? त्याचं तर काहीच अडलं नाही. मग तुम्हालाच का पाडलं हो त्याने?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "अगं, अजून हलतोय," म्हणाला. "आत्ताच काही बोलू नकोस देवाला."

मी हलत नव्हतो. वारा पडला होता आणि मी अगदी स्तब्ध होतो. गवंडी माझ्याबद्दल पहिल्यांदाच खोटं बोलला. जरासं हलता आलं असतं तर, असं मला फार वाटलं.

पुढे त्याच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. कण्हतानाही त्याच्या तोंडी तेच शब्द असायचे. तसाच तो गेला.

बायकोने मला अजून उतरवलेलं नाही. ती प्रार्थनेला जात नाही, देवाला शिव्याही देत नाही. फक्त केर काढताना, पाणी भरताना, येता-जाता मला बोटाने ढकलते.

कधी त्या घरी गेलात आणि मी थांबलेला दिसलो, तर तिला सांगू नका. जाता जाता मला एक टिचकी मारा.