रजयांच्या कपाटातलं गाणं

रजयांच्या कपाटात डोकं खुपसून गुमराननं तिसऱ्यांदा सूर धरला. कंबर बाहेर, गुडघे बाहेर, आत फक्त डोकं आणि मोबाईल. पहिल्या वेळी वरच्या मजल्यावरच्या मुलांनी उड्या मारायला सुरुवात केली. दुसऱ्या वेळी मोबाईलच वाजला. विमा विकणारी कुणी मधाळ आवाजाची बाई होती. आता मात्र सगळं शांत होतं. शेजारच्या खोलीत नवरा, सॉकजू, रात्रभर मासळीचा ट्रक चालवून आल्यावर झोपतो तसा मेल्यासारखा झोपला होता. गुमरान ओठ मोबाईलपाशी नेऊन अगदी हळू गायला लागली. दुसरी ओळ वर चढणार, तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरनं डिंग-डाँग केलं.

"रहिवाशांना विनंती," चा नावाचा पहारेकरी खाकरला, पुन्हा खाकरला, आणि पाच नंबरच्या इमारतीसमोर आडवी लावलेली पांढरी गाडी कुणाची आहे ते विचारू लागला.

गुमराननं डोकं बाहेर काढलं आणि ती तशीच जमिनीवर बसून राहिली. हा स्पीकर बंद करता येत नाही. हेसॉन वसाहतीतल्या सहाशे बारा घरांत तो तसाच आहे, छताखाली, जाळीचा, कान नसलेला आणि तोंडच तोंड असलेला. आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सोमवार ते शुक्रवार त्यातून बोलणारा आवाज तिचाच होता. वसाहतीच्या कार्यालयात ती एकोणीस वर्षं कारकून होती, सगळ्यांची 'प्योबाई'. पाणी बंद राहील, सज्ज्यात सिगारेट ओढू नका, लिफ्टची दुरुस्ती आहे, वाहनतळावर मिरच्या वाळत घालू नका. कुन्सान शहराच्या या टोकाला तिचा चेहरा न ओळखणारी माणसंसुद्धा तिचा आवाज ओळखायची. आणि या आवाजानं दुसरंही काही करता येतं, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

ती गाणी रचायची. रचायची म्हणजे काय, तर सूर तिला यायचे, शिंक येते तसे, वेळ न बघता. स्वरलिपी तिला येत नव्हती. भाताला उकळी येईपर्यंत सूर डोक्यात टिकायचा, त्याच्या आत धरला नाही तर गेला. असे किती गेले याची तिला मोजदाद नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं त्या वाटेला जाऊ नये. पण ह्या वेळचा सूर वेगळा होता. सप्टेंबरात दरवर्षीसारखी मिरच्यांची सूचना वाचताना तो आला आणि आठवडाभर गेलाच नाही. शब्दही बरोबर घेऊन आला होता:

मिरच्या उचला, आभाळ आलंय,
पायऱ्या उतरा, आभाळ आलंय...

तिसरी ओळ अजून नुसती गुणगुण होती. ती कुणाला हाक मारते आहे, ते त्या तिसऱ्या ओळीत यायचं होतं. एकदा नीट ऐकायला मिळालं तर येईल, असं तिला वाटत होतं. स्वतःचं गाणं बाहेरून ऐकायचं, एवढंच तिला हवं होतं. आणि त्या एवढ्याशा गोष्टीसाठी तिनं किती साधनं पालथी घातली होती!

तिच्या माहेरच्या कॅसेट रेकॉर्डरची फीत सैल पडली होती. त्यातून तिचा आवाज सर्दी झालेल्या रेड्यासारखा यायचा. मुलगी नोकरीला सोल शहरात गेली तेव्हा मागे ठेवून गेलेला संगणक चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर सूर उठून निघून गेलेला असायचा. आणि मोबाईल? चष्मा शोधा, कुलूप उघडा, चित्र शोधा, दाबा, आणि मग विम्याची बाई.

त्याच दुपारी ती बाजारातल्या उमच्या दुकानात गेली. उम पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, आता सगळंच विकायचा. त्यानं काउंटरवर एक चपटं यंत्र ठेवलं, त्यावर इतकी बटणं की विमान उडवायला बसल्यासारखं वाटावं.

"काकू, यात चार आवाज एकावर एक चढवता येतात."

"माझा एकच धड निघत नाही, बाबा."

उम हसला आणि त्यानं दुसरं काढलं, मग तिसरं. कशाला तार होती, कशाला संगणक लागत होता, एकाची अक्षरं मुंगीएवढी. गुमराननं प्रत्येकाबाबत एकच गोष्ट विचारली: चष्म्याशिवाय, बघितल्याशिवाय, एका बोटानं चालू होतं का? शेवटी उमनं खालच्या खणातून बोटभर लांबीचा एक रेकॉर्डर काढला. शिकवणीला जाणारी मुलं हा घेतात, म्हणाला. त्यावर एकच लाल बटण, किंचित वर आलेलं. दाबलं की सुरू, दाबलं की बंद. गुमराननं दुकानाकडे पाठ केली, तोंडावर हात धरला आणि पहिली ओळ गुणगुणली. मग ऐकली. मागे रस्त्यावरचा कोबीवाल्याचा भोंगा होता, पण भोंग्याच्या पुढे, स्पष्ट, ती होती. तिनं तो रेकॉर्डर कागदातसुद्धा गुंडाळू दिला नाही.

साधन मिळालं, पण जागा? रविवारी कपाटात पुन्हा प्रयत्न झाला. सॉकजू कूस बदलून कण्हला, तिनं बटण दाबून बंद केलं. सोमवारी न्हाणीघरात गायली, तर आवाज असा घुमला की तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि मंगळवारी दुपारी कार्यालयातली माणसं शेवया खायला बाहेर गेली तेव्हा तिच्या एकदम लक्षात आलं, की सगळ्या वसाहतीत एकच शांत खोली आहे आणि तिची किल्ली आपल्याच गळ्यात आहे.

सूचनांची खोली. कपाटापेक्षा जराशीच मोठी, भिंतींना जुनी कांबळी ठोकलेली. तिनं आधी साडेबाराची सूचना वाचली, लिफ्टची. शेवटची डिंग-डाँग वाजवली. मग दार लावलं, डबा बाजूला सारला, रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि लाल बटण दाबलं.

ती गायली. पहिल्यांदा दबून, दुसऱ्यांदा जरा मोकळी, आणि तिसऱ्यांदा तर डोळे मिटून. कुणी उडी मारली नाही, कुणी खाकरलं नाही. एकोणीस वर्षं ज्या खुर्चीत बसून तिनं 'करू नका' म्हटलं होतं त्या खुर्चीत बसून ती गायली, आणि डोळे उघडले तेव्हा तिला दिसलं, की माइकची कळ वरच राहिली आहे.

डिंग-डाँग वाजली की सूचना संपते, असं ऐकणाऱ्यांना वाटतं. वाचणारीला कळ खाली करावी लागते. एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा विसरली होती.

कळ खाली करून तिनं कार्यालयाच्या खिडकीतून बाहेर बघितलं. आभाळ निळंभोर होतं, ढगाचा ठिपका नाही. आणि त्या रणरणत्या उन्हात तीन इमारतींतून आज्या धावत सुटल्या होत्या, कुणी चपला न घालता, कुणी हातात पाखडायचं सूप घेऊन, वाहनतळावर चोरून वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला. वसाहतीच्या स्पीकरनं सांगितलंय म्हणजे आभाळ आलंच असणार. वर बघायची गरज कुणालाच वाटली नाही. इतका त्या आवाजावर विश्वास होता.

अर्ध्या तासात अकरा फोन आले. झोपलेलं बाळ उठलं, अर्धवट वाळलेल्या मिरच्या पोत्यात कोंबल्या त्या आता बुरसणार, कार्यालयात दिवसा दारू पितात का. रहिवासी समितीच्या ग्वाकबाई स्वतः आल्या आणि लेखी खुलासा पाहिजे म्हणाल्या. सगळ्यांत शेवटी बोंग आजी आल्या, गुडघा चोळत, केसांत मिरचीचं बी अडकलेलं. गुमरान माफी मागायला उठली तर आजींनी तिला हातानंच खाली बसवलं.

"कुणाचं गं ते गाणं?" त्यांनी विचारलं.

नाम साहेब, कार्यालयाचे प्रमुख, पलीकडच्या टेबलावर होते. ग्वाकबाई अजून दारात होत्या. गुमराननं मान खाली घातली.

"रेडिओवरचं, आजी."

"असं होय. मग लागेल पुन्हा कधीतरी," आजी म्हणाल्या आणि गुडघा चोळत निघून गेल्या.

घरी आल्यावर गुमराननं पर्स खुंटीला अडकवली. तिनं मुळ्याचं सूप चढवलं. सॉकजू उठून कामावर निघायच्या तयारीत टेबलाशी बसला होता. त्यांच्या घरात संध्याकाळचं बोलणं फार नसायचं. एकजण दिवसानं थकलेला, दुसरा रात्रीच्या धास्तीनं. त्यानं सुपात भात घातला, ढवळला.

"आज दुपारी स्पीकरवर तू होतीस?"

"हं."

"झोप मोडली माझी."

ती म्हणाली की चुकून झालं, उद्या साहेब लेखी मागणार आहेत, महिनाअखेरीला कंत्राट नवं व्हायचं आहे, बघू. तो चावत राहिला. मग सुपाकडे बघतच म्हणाला,

"पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा 'आभाळ'ला खाली उतरलीस. तिसऱ्यांदा वर गेलीस. वरचंच ठेव."

गुमरान हातात डाव घेऊन उभी राहिली. सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं कुठल्याही गाण्याबद्दल कधी अक्षर काढलेलं तिला आठवत नव्हतं. ट्रकमध्येसुद्धा तो बातम्या लावायचा.

"किती दिवस चाललंय हे?" त्यानं विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

"मग मला कसं नाही कळलं?"

"तुम्ही झोपलेले असायचात."

ती तक्रार नव्हती, तसंच होतं म्हणून ती म्हणाली. त्यालाही ते तसंच लागलं असावं. त्यानं वाटी तोंडाला लावून उरलेलं सूप प्यायलं, मोजे चढवले आणि निघाला. तो गेल्यावर तिनं रेकॉर्डर काढला आणि तिसऱ्या वेळचं ऐकलं. खरंच वरचं चांगलं होतं. तिसरी ओळ मात्र आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाम साहेबांनी तिला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती दोन वर्षं फोन न वाजता जावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. खुलासा त्यांनी स्वतःच टाइप करून ठेवला होता. तिचे कष्ट वाचवले होते. जेवणाच्या सुट्टीत माइकची कळ अनवधानानं वर राहिली आणि त्यामुळे रेडिओवरचं गाणं सर्व इमारतींत ऐकू गेलं, पुन्हा असं होणार नाही याची काळजी घेईन.

"कळ विसरणं ही चूक झाली," ते समजावून म्हणाले. "चूक माणसाकडून होते, समिती चुकीला माफ करते. स्वतःचं गाणं कार्यालयाच्या खोलीत बसून गायलात असं लिहिलं, तर ते मुद्दाम केलेलं झालं. मग ग्वाकबाई कंत्राटावर बोट ठेवणार. मला काय कळायचं ते कळलंय, मी विचारत नाही. शिक्का मारा, प्योबाई, आणि विसरा."

गुमराननं कागद जवळ ओढला. खुलासा चांगला होता. साहेबांची भाषा नेहमीच नेटकी असायची. तिनं पर्समधून सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का काढला, शिंगाचा, लग्नात सासऱ्यांनी दिलेला, लाल शाईच्या डबीवर टेकवला आणि थांबली. लागेल पुन्हा कधीतरी, असं आजी म्हणाल्या होत्या. बोंग आजी रेडिओ लावून बसणार. स्वयंपाक करताना, मिरच्या निवडताना, कान तिकडे ठेवून. आणि ते कधीच लागणार नाही. कारण ते जगात एकाच ठिकाणी होतं, बोटभर लांबीच्या रेकॉर्डरमध्ये, तेही अर्धं.

तिनं शिक्का बाजूला ठेवला आणि पट्टी घेतली.

टाइप केलेल्या कागदावर काही बदलायचं तर त्याची रीत असते. खरवडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. पट्टीनं दोन आडव्या रेघा मारायच्या, खालचं वाचता आलं पाहिजे अशा. वर नवा शब्द लिहायचा. समासात किती अक्षरं खोडली, किती घातली ते लिहायचं आणि त्यावर शिक्का मारायचा, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हे दुसऱ्यानंच केलं. एकोणीस वर्षं तिनं लोकांकडून हे करून घेतलं होतं. कितीतरी जणांना दोन रेघांसाठी तिसऱ्या मजल्यावरून परत खाली बोलावलं होतं.

'रेडिओवरचं' या शब्दावर तिनं दोन रेघा ओढल्या. सरळ आल्या. वर लिहिलं, 'माझं'.

"काय करताय, प्योबाई?"

"दुरुस्ती, साहेब."

नाम साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मान वाकडी करून त्यांनी कागद उलट्या बाजूनं वाचला.

"आता माझ्या हातात काही राहत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

बाहेर फोन वाजत होता. उचलणारी तीच असायची, म्हणून कुणी उचलला नाही. गुमराननं पेन समासात टेकवलं आणि बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: सहा अक्षरं खोडली, दोन घातली. मग त्या ओळीवर शिक्का दाबला, नाव नीट उमटेपर्यंत धरून ठेवला, उचलला. साहेबांनी कागदासाठी हात पुढे केला होता. शाई ओली होती. तिनं कागद दोन्ही हातांनी आडवा धरला आणि तो वाळेपर्यंत त्यांना थांबवलं.