जुळवून टाकलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा तंतू आहे. अंगाने शिवणाच्या दोऱ्याएवढा आणि टोकाला मोहरीएवढा ठिपका. माझ्यात निळा प्रकाश सोडला की तो ठिपका लाल चमकतो आणि विझतो. उष्णता जितकी जास्त, तितका तो लवकर विझतो. त्यावरून एक पेटी तापमानाचा आकडा दाखवते. माझ्यातून वीज वाहत नाही, म्हणून मला थेट ट्रान्सफॉर्मरच्या पोटात, तांब्याच्या वेटोळ्यांत बसवतात. तिथे जायची दुसऱ्या कोणाची टाप नाही!

मला बसवलं ते धाकट्याने. त्या वीजकेंद्रात दोघे सख्खे भाऊ कामाला होते. थोरला आतल्या खोलीत पेट्यांवर लक्ष ठेवायचा, धाकटा फिटर होता. ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीसाठी उघडला, तेव्हा धाकट्याने मला तळहातावर घेऊन अलगद आत सरकवलं.

"दादा, नाजूक आहे हा. पण आतली खबर हाच देणार बघ."

त्या कौतुकाने मी हुरळून गेलो.

बाहेर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टाकीवर एक जुना काटा होता. तो वरवरच्या तेलाचं तापमान सांगे, मी आतल्या तांब्याचं. साहजिकच माझा आकडा नेहमी चढा असे. केंद्राच्या साहेबांना ते खपेना.

"एकाच ट्रान्सफॉर्मरचे दोन आकडे कसे? काटा इतकी वर्षं बरोबर चाललाय. तुमचं हे नवं खूळच बिघडलंय," असं ते थोरल्याला येता-जाता ऐकवत.

थोरला भला माणूस, पण वादाला भिणारा. एके दिवशी त्याने पेटीची कळ फिरवली आणि माझा आकडा काट्याशी जुळवून टाकला.

"चला, कटकट मिटली," तो म्हणाला.

तेव्हापासून मी खरं तेच सांगत होतो आणि पेटी त्यातलं थोडं कापून दाखवत होती. याचं मला फार वाईट वाटे, पण मला तोंड कुठे होतं?

मग उन्हाळा आला. विजेची मागणी वाढली आणि नेमका ट्रान्सफॉर्मर थंड ठेवणारा एक पंखा बंद पडला. तांब्याच्या वेटोळ्यांवर गुंडाळलेला कागद करपू लागला. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, पण कापलेला आकडा धोक्याच्या खुणेपर्यंत पोचेना. घंटा वाजलीच नाही.

त्या दुपारी धाकट्याने अंगणातून हाक दिली, "दादा, पंखा बघायला जाऊ का? आत फार तापलं नाहीये ना?"

थोरल्याने पेटीकडे पाहिलं. "नाही रे. जा बिनधास्त."

टाकी फुटली. उकळतं तेल उडालं. धाकटा त्यातून वाचला नाही.

पुढे भंगारात हात घालून थोरल्याने मला शोधून काढलं. माझं अंग काळवंडलंय, पण ठिपका शाबूत आहे. आता मी त्याच्या टेबलाच्या खणात असतो. नव्या ट्रान्सफॉर्मरचे दोन आकडे वेगळे आले, तरी तो कोणाला पेटीची कळ फिरवू देत नाही.

मित्रांनो, दोघांचं सांगणं वेगळं पडलं, तर घाईने जुळवून टाकू नका. आधी विचारा, की कोण कुठून बघतोय.

कधी कधी थोरला खण उघडतो, माझ्यात निळा प्रकाश सोडतो आणि ठिपक्याकडे बघत राहतो.

"सांग ना रे, आत काय चाललं होतं?" तो विचारतो.

मी लाल चमकतो आणि विझतो. त्या दुपारीही मी तेच करत होतो.