मिनिट्सच्या एकोणीस वह्या

एकोणिसावी वही बोरसे मॅडमनी स्वतःच उघडली. आधीच्या अठरा आम्ही दोघींनी केमिस्ट्रीच्या स्टोअररूममध्ये बसून सकाळपासून पालथ्या घातल्या होत्या. मी एकेक पान उलटत होते आणि बोट ठेवत खाली येत होते. बोट कुठे थांबत नव्हतं.

"नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

आम्ही शोधत होतो ते मॅडमचं नाव. सुरतेतल्या आमच्या सायन्स कॉलेजात जयश्री बोरसे मॅडमनी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. प्राचार्यांची जागा रिकामी झाली होती आणि कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच एका बाईने त्या जागेसाठी अर्ज केला होता. अर्जाच्या सातव्या पानावर एक रकाना होता : संस्थेसाठी आपण सुचवलेली आणि अमलात आलेली कामं, लेखी पुराव्यासह. लेखी पुरावा म्हणजे स्टाफच्या मीटिंगची मिनिट्स. आणि ती बावीस वर्षं मॅडमनीच लिहिली होती.

आमच्याकडे बाई नोकरीला लागली की आज ना उद्या दोन कामं न मागता तिच्या गळ्यात पडतात. एक गॅदरिंगची रांगोळी आणि दुसरं मिनिट्स. रांगोळीतून मॅडम लवकर सुटल्या, कारण त्यांची रांगोळी खरोखरच वाईट होती. अक्षर मात्र असं की उधन्याच्या चाळीत वाढलेल्या मराठी मुलीची गुजराती लिपी बघून सुरतेतले जुने प्राध्यापकही वही पुन्हा चाळायचे. तेच अक्षर त्यांना भोवलं असं माझं मत आहे. त्यांनी ते कधी मान्य केलं नाही.

दुसऱ्यांचं नाव लिहायला त्या कधी चुकल्या नाहीत. स्वतःची सूचना आली की लिहायच्या, "चर्चेअंती असे ठरले." डाइंग मिलच्या पाण्याची तपासणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यायची, हे चर्चेअंती ठरलं होतं. मुलींसाठी लायब्ररी तासभर आधी उघडायची, तेही चर्चेअंतीच. मॅडम, ही चर्चा कोण आहे, तिलाच प्राचार्य करू या, असं मी म्हटल्यावर त्या खूप हसल्या.

पण सहाव्या वहीतल्या एका पानावर मला हसू आलं नाही. तिथे सकाळच्या प्रॅक्टिकलचा ठराव होता. पूर्वी प्रॅक्टिकल दुपारी असायची आणि सुटेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडायचा. शहराबाहेरच्या अमरोली, कोसाडकडच्या मुली दुसऱ्या वर्षाला गळायच्या. मॅडमनी घरोघर फिरून कारण विचारलं आणि प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला आणायला लावली. मुली दोनपर्यंत घरी पोचायला लागल्या. घरच्यांना शिक्षणाचं कौतुक किती होतं देव जाणे, पण दुपारी मजुरीच्या साड्यांना टिकल्या लावायला हात मिळतात म्हटल्यावर कोणी अडवलं नाही. त्या मुलींमध्ये मी होते. मी, प्रज्ञा चंदू बैसाणे, लूमवर पाळी करणाऱ्याची मुलगी, आज त्याच कॉलेजात शिकवते ती त्या साडेसातमुळे.

आणि पानावर लिहिलं होतं, "श्री. गजेंद्र देसाई यांनी सूचना मांडली. सर्वानुमते मंजूर." अक्षर मॅडमचं.

हे असं कसं लिहिलंत, मी जरा चिडूनच विचारलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मी लिहिता लिहिता खाली मान घालून बोलायची. गजेंद्रभाई शेजारी बसायचे, ते तेच मोठ्यानं सांगायचे. वहीत मोठ्यानं बोललेलं येतं, प्रज्ञा."

संध्याकाळी वह्या घेऊन मी त्यांच्याबरोबर उधन्याला घरी गेले. त्यांच्या आई मालतीबाई ऐंशीच्या पुढच्या. ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. हिलालआप्पा, म्हणजे मॅडमचे वडील, मिलच्या रंगखात्यात पस्तीस वर्षं राबून गेले. त्यांच्यामागे या मायलेकीच राहत होत्या. मालतीबाईंना गुजराती वाचता येत नव्हतं, पण लेकीचं अक्षर त्यांनी ओळखलं. एवढं सगळं तूच लिहिलंस का, असं विचारून त्यांनी पानावरून हात फिरवला. मग त्यांच्या अहिराणीत विचारलं, "मंग तुनं नाव कोठे शे यामा?"

मॅडमनी वही मिटली. मग त्यांनीच मला एक जुनी गोष्ट सांगितली. चौथीत पहिला नंबर आला तेव्हा त्या चाळभर सांगत सुटल्या होत्या. आईने घरात ओढून दटावलं होतं, "आपलं नाव आपुन लेवानं नही, लोकेसले लेवू देवानं." आपलं नाव लोकांनी घ्यावं, आपण नाही. सांगताना मॅडम हसत होत्या. मालतीबाई हसल्या नाहीत. मेथीची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"लोके लेतीन आसं वाटनं व्हतं माले," त्या म्हणाल्या. "चुकनं मनं, बेटा."

मला रडू आलं आणि ते लपवायला मी वह्या उगाच पुन्हा रचल्या.

दुसऱ्या दिवशी देसाई सरांनी मला बोलावलं. त्यांचाही अर्ज होता. मी सगळ्यांत धाकटी म्हणून त्यांच्या फायलीतल्या पानांवर नंबर टाकायचं काम माझ्याकडे. फायलीत मिनिट्सच्या अकरा झेरॉक्स होत्या आणि अकराही पानांवर मॅडमचं अक्षर. साडेसातचा ठरावही होता. मी धीर करून म्हटलं, सर, ही सूचना मॅडमची होती, तुम्ही तसं दोन ओळींचं पत्र द्याल का. सर रागावले नाहीत. खरंच आठवू लागले, भुवया गोळा करून. मग पान माझ्याकडे वळवून म्हणाले, "जो बेटा, बघ, लिहिलंय ना इथं. मीच मांडलेली."

त्यात खोटेपणा नव्हता, हेच वाईट होतं. माणूस भला आहे. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला रक्त द्यायला आला होता. पण पंधरा वर्षं वही जे सांगत आली ते त्यालाही खरं वाटायला लागलं होतं.

मी मॅडमच्या फायलीला माझं पत्र जोडलं, एका माजी विद्यार्थिनीचं. आणखी सहा मुलींकडून पत्रं आणली. मॅडम नको म्हणत होत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, ही त्यांची जन्माची म्हण. पण अर्जाला आरसाच हवा होता.

मुलाखतीहून त्या आल्या तेव्हा मी स्टोअररूममध्येच होते. त्यांनी आधी माठातलं पाणी घेतलं. मग शांतपणे सांगितलं. कमिटीतल्या एकांना त्यांनी साडेसातच्या प्रॅक्टिकलबद्दल सांगितलं. त्या गृहस्थांनी मुलींची पत्रं वाचली, चांगली आहेत म्हणाले. मग देसाई सरांच्या फायलीतलं पान काढून विचारलं, हे अक्षर कोणाचं.

"मी म्हटलं, माझं. तर ते म्हणाले, मग बेन, तुम्हीच तर लिहिलंय."

त्यावर तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

"काय म्हणणार? बरोबर होतं त्यांचं." त्यांनी ग्लास पालथा घातला. मग म्हणाल्या, "वाईट वाटलं, प्रज्ञा. फार वाईट वाटलं." तीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली तक्रार, म्हणजे माझ्या वाट्याच्या वर्षांतली.

आठवड्याने देसाई सर प्राचार्य झाले. त्यांनी घारी, सुरतेची ती तुपाळ मिठाई, वाटली. मॅडमनी आपली घारी पूर्ण खाल्ली आणि चांगली आहे म्हणून सांगितलं. मी माझी कागदात गुंडाळून ठेवली.

नव्या प्राचार्यांची पहिली मीटिंग सोमवारी होती. टेबलाभोवती आम्ही चौदा जण, त्यांत बाया दोनच. मॅडम आणि मी. नवी कोरी वही आली, विसावी. देसाई सरांनी ती सवयीने मॅडमकडे सरकवली. मॅडमनी तिला हात लावला नाही. म्हणाल्या, आज मला बोलायचं आहे, लिहिणं आणि बोलणं दोन्ही नाही जमणार.

खोलीत कोणी वाईट बोललं नाही. फक्त तेरा डोकी माझ्याकडे वळली. म्हणजे बारा, मॅडम सोडून. आणि सांगायला लाज वाटते, माझा हात पेनाकडे गेलासुद्धा होता. कोणी सांगितलं नव्हतं, तो आपला आपण गेला.

मॅडमनी वही उचलली, माझ्यासमोरून नेली आणि देसाई सरांसमोर ठेवली.

"पहिला ठराव," त्या म्हणाल्या. मान वर होती आणि आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "मिनिट्स यापुढे सगळ्यांनी पाळीपाळीनं लिहायची. सुरुवात प्राचार्यांपासून."

देसाई सर हसले. "जयश्रीबेन, अक्षर तो तमारा ज सारा. माझं मलाच वाचता येत नाही."

"जेवढं येईल तेवढं पुरे."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी मदतीला आलं नाही. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, तारीख घातली आणि ठराव लिहिला. वही मिटायला लागले तशा मॅडम म्हणाल्या, "मांडणाऱ्याचं नाव राहिलं."

सर थांबले. मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मला वाटतं, त्या वेळी त्यांना काहीतरी आठवलं असावं. मग त्यांनी मान खाली घातली आणि लिहायला लागले. ओळ वर चढत चालली होती, अक्षरं एकमेकांवर पडत होती. जयश्री हिलाल बोरसे. पूर्ण नाव होईपर्यंत मॅडम पेनाच्या टोकाकडे बघत होत्या.

"अनुमोदन?" सरांनी विचारलं.

"प्रज्ञा बैसाणे," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा आला.

सर तेही लिहीत होते. मॅडमचे दोन्ही हात टेबलावर मोकळे होते. बावीस वर्षं त्या खोलीत त्या हातांत पेन असायचं. आता ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. एकदा त्यांनी ते मांडीवर नेले, मग पुन्हा वर आणले. शेवटी एकावर एक ठेवले आणि म्हणाल्या, "आता दुसरा मुद्दा."