सावली की खड्डा?

मित्रांनो, मी एक जुना, एका डोळ्याचा सूक्ष्मदर्शक आहे. उमेदीच्या काळात माझ्या पितळी चाकांचं कोण कौतुक व्हायचं! मग पडद्यावर चित्र दाखवणारा नवा भाऊ आला आणि मी कपाटावर धूळ खात बसलो. पण त्या दिमाखदार साहेबांपुढे सदा रांग. म्हणून दातांवर संशोधन करणाऱ्या मावशींनी एके दिवशी मलाच खाली काढलं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना मावशीच म्हणत, कारण शाळा सुटली की त्यांची भाची तिथे येऊन बसे.

भाचीचे दात सरळ करायला तार बसवली होती. ती तार दातांच्या अक्षरशः मुळावर उठली. पुढच्या एका दाताचं मूळ झिजून आखूड झालं होतं. आणखी झिजलं तर तो दात जाणार होता.

मावशींचा प्रयोग त्यावरच होता. उंदरांच्या दातांना बारीक स्प्रिंग लावायची, काहींना कडधान्यांत सापडणाऱ्या एका गोडसर पोषकद्रव्याची साखरेसारखी पावडर द्यायची, आणि मुळांचे काप काचपट्ट्यांवर ठेवून त्यांवरचे झिजेचे खड्डे माझ्या भिंगातून मोजायचे.

"सगळे म्हणतात गोड खाऊ नकोस, आणि तू उंदरांना गोड चारतेस!" भाची म्हणाली. "मला पण दे की चमचाभर."

"आधी उंदरांचं बघू दे."

मावशींनी मोजलं. पावडर खाल्लेल्यांची मुळं जवळजवळ गुळगुळीत! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझी काच ओली झाली. मलाही फार आनंद झाला.

मग भाचीने डोळा लावला. "इथे पण खड्डा आहे की गं."

"ती सावली आहे."

"मग पावडर न खाल्लेल्या उंदराच्या काचपट्टीवर तशीच आहे, तिला खड्डा का म्हणालीस?"

मावशींनी दोन्ही पट्ट्या पुन्हा लावून पाहिल्या. माया आंधळी असते म्हणतात. इथे तर ती भिंगातून बघत होती. त्यांनी काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या झाकल्या, पट्ट्या मिसळल्या, मला मऊ कापडाने पुसलं आणि पहिल्यापासून मोजायला बसल्या. फरक उरला, पण अगदी थोडा.

"म्हणजे मला पावडर नाही?"

"नाही गं राणी. एवढ्यावर तुझ्या दातांशी खेळायचं नाही. तुझ्या डॉक्टरांशी बोलते. तार काढून मुळांना विसावा देऊ."

"मग माझा दात वाकडाच राहणार?"

"वाकडा राहील. पण राहील."

मित्रांनो, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांवर धूळ बसू देऊ नका. काम झालं की भिंग पुसून ठेवा, आणि बघण्याआधी स्वतःचा डोळाही पुसा. मावशींनी पुसला, म्हणून त्यांची भाची आजही तो वाकडा दात दाखवून खुशाल हसते.