यादीची शेवटची ओळ

"वहिनी, अगं कागद फाटेल. किती घासशील?" नणंद म्हणाली.

टाचणीबाईंनी खोडरबर ठेवला आणि वहीवरचा चुरा फुंकून टाकला. शेवटच्या ओळीत नुसता काळपट डाग उरला.

ही वही म्हणजे चर्चमधल्या आजाऱ्यांची यादी. दर रविवारी उपासनेत ती वाचायचं काम बाईंकडे होतं. नोंदी पेन्सिलीनं करायच्या आणि माणूस बरं झालं की खोडायच्या. माणूस गेलं तरी खोडायच्या, फक्त तेव्हा खोडरबर हळू चालायचा. एरवी बाई लोकांचे कपडे शिवायच्या. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या आणि बोलणंही तसंच टोचरं, म्हणून हे नाव पडलं होतं.

शेवटच्या ओळीत चार वर्षं एकच नोंद होती: 'आमचे हे'. नवऱ्याचं नाव घ्यायला बाई अजून लाजायच्या. देवाला कळतं कोण ते, म्हणायच्या. 'हे' चार वर्षांपूर्वी दाढी करता करता कोसळले, ते अजून खाटेवर होते. वाचा गेली होती. उरला होता एक हुंकार. पाणी हवं असलं तरी "अं", नाकावर माशी बसली तरी "अं".

"दादाची ओळ का खोडलीस?"

"चार वर्षं सांगून झालं. वर ऐकणारं कुणी आहे की नाही, तेच मला आता कळेनासं झालंय. दर रविवारी भिंतीशी किती बोलायचं?"

नणंद नेहमीसारखी भावाच्या उशाशी जाऊन बसली, आणि बाई वही घेऊन निघाल्या.

चर्चमध्ये त्यांनी यादी वाचायला घेतली.

"सुताराची आई, दम्यानं आजारी."

"प्रभू, ऐक," सगळे म्हणाले.

"शाळेतल्या शिपायाचा गुडघा."

"प्रभू, ऐक." हे मंडळींनी जरा उरकलंच, कारण शिपाई कालच जिना दोन दोन पायऱ्या चढताना दिसला होता.

"दूधवाल्याची तान्ही मुलगी."

"प्रभू, ऐक."

बाईंनी वही मिटली.

सगळे शेवटच्या ओळीची वाट पाहत थांबले. मग त्या शांततेलाच सगळ्यांनी नेहमीसारखं उत्तर दिलं, "प्रभू, ऐक."

बाई उभ्याच राहिल्या. सवय झालीय जिभेला, दुसरं काय, त्यांनी स्वतःला बजावलं. तरी हात वही पुन्हा उघडायला गेला, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

बाहेर पडताना दारात म्हातारा प्लंबर भेटला. "बाई, आज तुमच्या ह्यांना विसरलात?"

"विसरले नाही, मुद्दाम गाळलं. माझा विश्वास उडालाय. आणि तुम्ही सगळे पोपटासारखे बोलता!"

"पोपट तर पोपट," प्लंबर म्हणाला. "माझी बायको गेली तेव्हा वर्षभर माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटला नाही. नुसता येऊन बसायचो. तुम्ही सगळे म्हणायचात ना, त्यावर निभावलं माझं. तुम्हाला जमेल तेव्हा म्हणा. तोवर आम्ही आहोत."

"वहीत नाव नसलं तरी?"

"वही तुमची. माणूस आमचाही आहे."

बाईंनी वही काखेत मारली आणि घरची वाट धरली.

बाई परतल्यावर नणंद आपल्या घरी गेली आणि बाईंनी नवऱ्याच्या दाढीला साबण लावला. रविवारची दाढी त्याच करायच्या.

"आज तुम्हाला गाळलं मी," एक गाल झाल्यावर त्या म्हणाल्या. "लोकांनी नाही गाळलं." वस्तरा थांबला. "मला अजून खात्री नाही, बरं का. खोटं कशाला बोलू? पण परत लिहू का?"

"अं."

हो म्हणाले, नाही म्हणाले, की साबण डोळ्यात गेला, बाईंना कळलं नाही. त्यांनी आधी डोळा पुसून पाहिला. साबण नव्हता. नवऱ्याच्या "अं"चा अर्थ चार वर्षं असाच अंदाजानं लावायचा, आणि पाणी तर पाणी, उशी तर उशी, करून पाहायचं. तसंच हेही.

त्यांनी हात कोरडे केले, वही उघडली आणि त्या काळ्या डागावर नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच.

"प्रभू, ऐक," त्या जरा दरडावूनच म्हणाल्या, आणि उरलेल्या गालाची दाढी करायला उठल्या.