मुनव्वरची घोडी

“कोनं पोट दुखी ऱ्हायनं?” रिखबशेठनं काउंटरपलीकडून विचारलं, आणि मुनव्वरनं आयुष्यातली पहिली घोडी बाळगली.

“घोडीनं,” तो म्हणाला.

खरं तर दुकानाची पायरी चढताना ‘पोरीनं’, म्हणजे पोरीचं, हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. पण सारंगखेड्यात घोड्यांची यात्रा भरलेली. रिखबचंदच्या औषधाच्या दुकानात फेटेवाले, खोकणारे, लंगडणारे, नुसतेच सावलीला उभे राहिलेले अशी सगळी पुरुषमंडळी दाटलेली. ‘पोरीनं’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, काय झालं? आणि त्याचं उत्तर मुनव्वरनं पन्नाशीपर्यंत कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. घोडीच्या पोटाचं तसं नाही. यात्रेच्या दिवसांत इथं कोणीही, कोणाच्याही घोडीच्या पोटाबद्दल, चहा पिता पिता बोलू शकतो.

रिखबशेठ जनावरांचीही औषधं ठेवायचा. त्याचा चेहरा खुलला. “लीद बरोबर करस का?”

मुनव्वरनं छताकडे पाहिलं. “तेन्ही काही तक्रार नही.”

“लोळस?”

“सक्काळपासून लोळी ऱ्हायनी. आन उलट्या बी करस.”

खोकणाऱ्यांनी खोकणं थांबवलं.

घोड्याला उलटी होत नाही. त्याचा घसाच तसा घडवलेला आहे, आत गेलं ते आतच. हे यात्रेतल्या शिंगरालाही ठाऊक असतं. मुनव्वरला तर पक्कं ठाऊक होतं. पण शब्द तोंडातून सुटला होता आणि त्याला आवरायला लगाम नव्हता.

“घोडी? उलटी करस?” शहाद्याचा नवलसिंग पुढे आला. हा घोड्यांचा दलाल. दात पाहून घोड्याचं वय सांगायचा आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ते कमी करायचा. “आन मुनव्वरभाई, तू घोडी कव्हय लिधी?”

“आत्तेच,” मुनव्वर म्हणाला. हे मात्र अगदी खरं होतं.

रिखबशेठनं काळपट औषधाची एक भली मोठी बाटली दिली, ते पाजायला बांबूची नळी दिली आणि सल्ला फुकट दिला. “दाना बंद. लोळू देऊ नको. चालाव, चालाव, सारखी चालाव.”

मुनव्वर खोगिरं शिवायचा. त्याचे वडील खोगिरं शिवायचे, आजोबाही तेच. बाकीचं जग ज्या कामाला टिंगलीनं खोगीरभरती म्हणतं, ते काम तो मन लावून करायचा. लोकरीचा जाड नमदा कापायचा, दाभणानं शिवायचा, आत भरण असं बसवायचा की घोड्याच्या पाठीला कुठं टोचू नये. यात्रेत त्याचं कापडी पाल अगदी शेवटी, तापीच्या अंगाला पडायचं. घोडा घ्यावा असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं. दिवसभर मिठाई विकणारा घरी जाऊन भाकरीच खातो, तसं काहीसं.

त्याची पोर शबाना दहावीला होती. तिला दर महिन्याला काहीतरी व्हायचं एवढं मुनव्वरला कळायचं, कारण त्या दिवशी त्याची बायको गुलशन त्याला घराबाहेर काढायची. “तुम्ही ओट्यावर बसा,” म्हणायची. तो बसायचा. इतक्या वर्षांच्या संसारात या विषयातलं त्याचं शिक्षण एवढंच झालं होतं. आणि नेमकी या वेळी गुलशन बहिणीच्या बाळंतपणाला नवापूरला गेलेली.

तो घरी आला तेव्हा पोर गोधडीत मुटकुळं करून पडली होती. उशाशी पातेलं, चेहरा पांढराफटक. तिनं एक डोळा उघडून बाटलीकडे पाहिलं.

“अब्बा, या बाटलीवर बैलाचं चित्र आहे.”

“बैल नही, घोडा शे तो.”

“त्याला शिंगं आहेत.”

मुनव्वरनं बाटली उजेडात धरली. “छपाई खराब शे,” तो म्हणाला.

शबानाला हसू आलं, आणि हसल्यानं पोटात आणखी कळ आली. घरात बाप अहिराणी बोलायचा, आई उर्दूत रागवायची आणि शबाना घरातसुद्धा माइकवरचं मराठी बोलायची. तिचा आवाज लहानपणापासून खणखणीत. लाटणं तोंडाशी धरून ती भांड्यांच्या फडताळाला विचारायची, “शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचतोय का?” या वर्षी यात्रा समितीनं रोज संध्याकाळच्या घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धेचं निवेदन तिला दिलं होतं. गावातल्या पोरीच्या हाती माइक पहिल्यांदाच जाणार होता. आज संध्याकाळीच.

“कोणाचं पोट दुखतंय म्हणून सांगितलंत?” तिनं विचारलं.

मुनव्वर नळीकडे बघत राहिला.

“अब्बा.”

“घोडीनं.”

तिनं गोधडी डोक्यावर ओढली. तेवढ्यात मळमळीची लाट आली, ती पातेल्यावर ओणवी झाली, आणि त्यानं तिचे केस मागे धरले. हे त्याला जमलं. आयाळ धरायची सवय होती.

“अम्मीले फोन लावू?”

“नको. ती म्हणेल, स्टेजबिज काही नाही, सोसायचं आणि पडून राहायचं. गेल्या महिन्यात चाचणी बुडाली. त्याआधी सहल. आज माइक गेला तर परत नाही मिळायचा.” तिनं श्वास घेतला. “यात्रेत दवाखान्याचा तंबू आहे. तिथं कुंदन सिस्टर असते. तिला जाऊन सांगा. माझ्या मुलीची पाळी आली आहे, पोटात फार दुखतंय, उलट्या होताहेत. म्हणा.”

“मन्ही पोरनी...”

“पुढे?”

“...तब्येत.”

“शब्द गिळू नका, अब्बा. गिळलेला शब्द पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही. पोटातून आवाज काढा.” आणि ती पुन्हा पोट धरून आडवी झाली.

मुनव्वर निघाला. ओठांतल्या ओठांत वाक्य घोळवत चालला. पण बातमी त्याच्या पुढे धावत होती. चहावाल्यानं हाक मारली, “चाचा, उलटी करनारी घोडी कोठे बांधी?” एकानं विचारलं, रंग काय? दुसरा म्हणाला, दाखवायचे पैसे घे, आकाशपाळण्यापेक्षा जास्त गर्दी होईल. प्रत्येक प्रश्नाला मुनव्वरचं वाक्य विस्कटायचं आणि तो पुन्हा पहिल्यापासून जुळवायचा.

तंबूत रांग होती. कोणी लाथ खाल्लेला, कोणी धूळ खाल्लेला. टेबलाशी कुंदन सिस्टर बसलेली, पेन केसांत खोचून. मुनव्वरची पाळी आली.

“काय व्हयनं, चाचा?”

त्यानं डोळे मिटले आणि पोटातून आवाज काढला. तो आवाज चाळीसभर घोड्यांच्या खिंकाळण्यावर मात करून गिऱ्हाइकाशी बोलायला तयार झालेला होता.

“मन्ही पोरनी पाळी उनी शे! पोट भलतंच दुखी ऱ्हायनं! उलट्या व्हई ऱ्हायन्यात!”

तंबूचं कापड हललं म्हणतात. ज्याच्या गुडघ्याला पट्टी बांधणं चाललं होतं तो गुडघा विसरला. शेवटच्या माणसापर्यंत शब्द गेला, आणि तिथून पुढे बाहेर भजी तळणाऱ्यापर्यंतही गेला असावा.

मुनव्वर डोळे मिटूनच उभा राहिला. आता काहीतरी कोसळेल असं त्याला वाटत होतं.

“वय काय पोरनं?” कुंदन सिस्टरनं विचारलं.

काही कोसळलं नाही. त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. ताप आहे का, रक्त फार जातंय का, आधी कधी औषधाचा त्रास झालाय का, असं ती विचारत गेली, आणि त्याला माहीत होतं तेवढं तो सांगत गेला. माहीत फार थोडं होतं. “चाला, मीच तिले इचारस,” ती म्हणाली, तंबूतल्या डॉक्टरीणबाईंशी बोलली, पिशवी उचलली आणि निघाली.

मुनव्वरच्या दारात तोवर छोटी यात्रा भरली होती. नवलसिंग सर्वांत पुढे. सिस्टरला पाहून तो चमकला. “अरे, मानूसनी सिस्टर कसाले आनी? जनावरना डॉक्टर बलाव! घोडी कोठे शे?”

मुनव्वर उंबऱ्यावर उभा राहिला. दुसऱ्या वेळी वाक्य बरंच सोपं गेलं.

“घोडी नही शे, नवलभाऊ. मन्ही शबाना शे. तिन्ही पाळी शे. पोट दुखस. माले सांगानी लाज वाटनी, म्हनीसन घोडी सांगी.”

लोकांनी पायांकडे पाहिलं. यात्रेत इतके पाय असूनही कोणी कधी इतक्या बारकाईनं पाहिले नसतील.

“म्हंजे,” नवलसिंगनं खात्री करून घेतली, “घोडानी उलटी करी नही?”

“नही.”

“तेच! घोडाले उलटी व्हतच नही. मी म्हनतच व्हतू!” तो मोकळा श्वास सोडून वळला, आणि निसर्गाचा नियम शाबूत असल्याच्या समाधानात गर्दी पांगली.

आत कुंदन सिस्टर शबानाजवळ बसली. आधी तिनं तिला बोलू दिलं, आणि मुनव्वरला बाहेर काढलं नाही. मग घोट घोट पाणी, आल्याचा छोटा तुकडा चघळायला. पोट जरा शांत झाल्यावर मऊ भाताचे चार घास, आणि त्यावर गोळी.

“रिकामं पोटवर नही घेवानी,” ती म्हणाली. “आन पुढला महिनाले दुखनं डोक्यावर चढापावत वाट देखू नको. सुरू व्हयनं की घे, पन सांगी तितलीच. यात्रा सरनी की तिले लेडी डॉक्टरले दखाडा, चाचा. चिंचपाडाना दवाखानाले न्या, नाहीतर नंदुरबारले. दर महिनाले शाळा बुडस, ते नुसतं सोसानं दुखनं नही.”

“शेठ म्हने, लोळू देऊ नको, चालाव,” मुनव्वर चाचरत म्हणाला.

“कोन शेठ?”

मुनव्वरनं बाटली पाठीमागे सरकवली. शबाना गोधडीत खुसखुसली.

“लोळू दे तिले. बरं वाटनं की मंग चालू दे. पोट शेकाले काही शे का? गरम पानीनी पिशवी?”

पिशवी नव्हती. पण भिंतीशी लाल नमद्याचे तुकडे पडले होते. मुनव्वरनं बोटांनी पोरीच्या पोटाचा अदमास हवेतच घेतला आणि खाली बसला. दाभण चालू लागलं. नमदा बाहेरून, मऊ मांजरपाट आतून, कडा दुमडून आत, म्हणजे टोचणार नाही. तव्यावर ज्वारी गरम केली, भरली, टाके घातले. दोन्ही बाजूंना घोड्याच्या पोटाला आवळायच्या तंगाचा उरलेला पट्टा लावला, बांधायला. कुंदन सिस्टरनं ते आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून पाहिलं. “भलतं गरम शे. जरा थांबा, कातडी भाजी जाई.” थोडं निवल्यावर तिनं ते शबानाच्या पोटावर, कपड्यावरून ठेवलं.

शबानाच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरली. ती डोळे मिटून पडली, तशीच झोपली. मुनव्वर दारात बसून राहिला. ज्वारी निवली की तो मांजरपाटाचे टाके उसवायचा, ज्वारी तव्यावर परतायचा, पुन्हा शिवायचा. शेवटी त्यानं तिथं बटण लावलं, तेव्हा त्याला शिंपी आणि खोगीरवाला यांच्यातला फरक कळला.

दुपार कलली तेव्हा शबाना उठली. भूक लागली म्हणाली. तोंड धुतलं, ओढणी नीट केली, ओढणीखाली ते लाल खोगीर बांधलं.

“कसं वाटस?”

“दुखतंय अजून. पण आता मी त्याच्यावर बसलेय, ते माझ्यावर नाही.”

स्टेजपर्यंत तो तिच्याबरोबर गेला. वाटेत चहावाला पुन्हा हाक मारणार होता. शबानाकडे पाहून त्यानं नुसता आलं ठेचून एक कप पुढे केला.

दुसऱ्या दिवशी पालावर पहिली आली ती नवलसिंगची बायको जसोदाबाई, कुंदन सिस्टरकडून ऐकून. इकडे तिकडे पाहिलं. “ते घोडीले शिवं तसं एक दे, भाऊ. नात शे मन्ही.”

“घोडीले नही, भाभी. पोरीले शिवं.”

“तेच ते,” ती म्हणाली, मग थांबून म्हणाली, “हा. पोरीले.”

तिच्यामागून आणखी आल्या. आठवड्याच्या शेवटी मोठ्या खोगिरांच्या बाजूला छोटी खोगिरं ओळीनं टांगलेली होती, लाल, निळी, एक पिवळं. एक परगावचा फेटेवाला घोड्यासाठी खोगीर निवडता निवडता तिथं थबकला. त्यानं एक छोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“हे कशाचं? शिंगराचं?”

मुनव्वरनं दाभणात दोरा ओवला. मान वर केली, आवाज खाली केला नाही.

“पोरीसनं शे. पाळीमा पोट दुखस ना, ते शेकाले.”

फेटेवाल्यानं ते पटकन जागेवर टांगलं. मोठं खोगीर घेतलं, पैसे दिले, दहा पावलं गेला. मग परत आला. “ते पिवळं बी द्या,” म्हणाला.

संध्याकाळच्या स्पर्धेची वेळ झाली होती. पार पलीकडे, धुळीच्या पडद्यामागे, स्टेजवर कोणीतरी माइक ठोकला. यात्रेच्या या टोकाचा कर्णा खरखरला, आणि त्यातून एक खणखणीत आवाज आला.

“शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचतोय का?”

तिथून इथलं काही दिसत नव्हतं. तरी तापीकाठच्या शेवटच्या पालात मुनव्वरनं दाभण खाली ठेवलं आणि हात वर केला.